नऊ ओल्या गासड्या

मी कापसावर पाणी शिंपडलं होतं. चोरून नाही, भर दुपारी, हंडा कमरेवर घेऊन आणि मोठ्या मायेनं. मेथीच्या जुड्यांवर शिंपडतात तसं: बोटं बुडवायची, मनगट झटकायचं, वरून थोडं, बाजूनं थोडं. मग वर ओलं गोणपाट झाकलं आणि चार पावलं मागं सरून स्वतःच्याच कर्तबगारीकडं पाहत उभी राहिले. पंधरा वर्षांची होते. आज त्या पोरीचे कान उपटावेसे वाटतात, पण कान माझेच आहेत आणि आधीच पुष्कळ लोंबलेत.

हसण्याआधी एवढं ध्यानात घ्या की माझं माहेर माळ्याचं आणि सासरही माळ्याचंच. अमरावतीच्या परकोटाबाहेर आमचे मळे. चालायला यायच्या आधी मला भाजी ताजी ठेवायला येत होतं. ऊन लागलं की पालेभाजी मान टाकते. पाणी मारून ओलं फडकं टाकलं की पुन्हा उभी राहते. जगातली चांगली वस्तू उन्हानं बिघडते आणि पाण्यानं सुधारते, एवढ्या एका शास्त्रावर मी नांदायला गेले होते. कापसाच्या मुलखात जन्मूनही कापूस मी पाहिला तो लोकांच्या शेतात आणि निरांजनात.

त्या दिवसांत समुद्रापार कुठं तरी लढाई लागली होती म्हणे, आणि तिकडचा कापूस अडकल्यानं आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याची कळा आली होती. लढाई कोणाची कोणाशी, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. आम्हाला दिसलं एवढंच, की बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या, आणि भाजी विकणाऱ्या बायका टोपल्या उपड्या टाकून कापसाच्या आवारात रोजानं जाऊ लागल्या. सासूबाईंनी मलाही धाडलं. जाताना बजावलं, "तिथं तो किरिस्तांव हाय. त्याच्या हातचं पानी पेऊ नको. तो काही देईन तर घेऊ नको. तो काही बोलला तर आयकू नको."

"अन् त्यानं काम सांगतलं तं?"

"तेवढं आयकजो."

आवारात रेचे होते. रेचा म्हणजे कापसातून सरकी काढायचं हातानं फिरवायचं यंत्र. सरकी निघालेल्या रुईचा ढीग आम्हा बायकांपुढं येई. त्यातली पत्ती, काडी, किडका कापूस वेचून काढायचा. मग ती रुई आढ्याला टांगलेल्या लांबलचक पोत्यात भरत, आणि एक गडी त्या पोत्यात उतरून पायांनी तुडवत राही. पोतं गच्च झालं की दाभणानं तोंड शिवायचं, झाली गासडी. त्या गासडीवर गेरूनं एक उभी आणि एक आडवी रेघ ओढली की ती मुंबईला जायला मोकळी. ही दोन रेघांची छाप म्हणजे आमच्या पारखीबुवांची. ती दिसली की मुंबईचे व्यापारी गासडी फोडूनसुद्धा पाहत नाहीत, असं गाडीवान सांगत.

त्यांचं खरं नाव मला कधी कळलंच नाही. मूळचे जालन्याकडचे. तिथल्या मिशनात वाढलेले, पाद्र्यानं शाळेत घातलेले. उंच, काटकुळे. डाव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, या दोघांचीच नखं वाढवलेली, रुईतली पत्ती चिमटायला. उजव्या बाहीची घडी खांद्यापर्यंत, ऐन पौषातही. तो उघडा हात ते रुईच्या ढिगात बगलेपर्यंत खुपसत, डोळे मिटत आणि त्यांचे ओठ हलत.

माझ्या शेजारी गयाबाई बसायची. वयानं सासूबाईंच्या जोडीची, जिभेनं त्यांच्याही पुढची. पहिल्याच दिवशी ती माझ्या कानाशी लागली, "पाहून घे पोट्टे. मंतर म्हनून राहिला. कापूस बाटवून राहिला."

"कापूस कसा बाटते वो?"

"तुले काय समजते? हा कापूस जाते कुठं? सायबाच्या देशात. आदीच बाटवून धाडला तं तिकडं लवकर पसंत पडते."

मी महिनाभर हे खरं मानत होते. रुई वेचताना ती नाकात जाई, तेव्हा आपणही थोडे थोडे बाटत असू, या धास्तीनं घरी जाऊन तुळशीचं पान चावत होते. आज सांगते, मी काही बाटले नाही. माझे देव जिथल्या तिथं आहेत. पण बुवा ओठांतल्या ओठांत काय म्हणत ते मी एकदा अगदी जवळून ऐकलं. ते म्हणत होते, "खालचा बघू दे, वरचा नको. खालचा बघू दे." त्यांची प्रार्थना ती तेवढीच.

गयाबाईनं एकदा सगळ्यांदेखत त्यांना विचारलं, "पारखीबुवा, किरिस्तांव व्हायच्या आदी तुमी कोन होते?" सगळ्या बायकांचे हात थांबले. प्रश्न जातीचा होता आणि तो तसाच टोचावा म्हणून विचारलेला होता.

बुवांनी नखात धरलेली पत्ती फुंकून टाकली. "आधी? आधी मी आळशी होतो," ते म्हणाले, "वरचं झाडायचो आणि केर चटईखाली सारायचो. पाद्रीसाहेबानं एकदा चटई उचलली. काही बोलला नाही. तोच केरसुणी घेऊन झाडायला लागला. मला वाटलं होतं मारील." मग पुढची पत्ती नखात धरून, "त्यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं."

गयाबाई गप्प झाली. ती त्या वर्षात दोनदाच गप्प झाली, त्यातली ही पहिली वेळ.

बुवा कोणाला चांगलं म्हणत नसत. रुई स्वच्छ असली तर "हं" म्हणत. वाईट असली तर काहीच म्हणत नसत. आपल्याशेजारी मांडी घालून बसत आणि आपण वेचलेलाच ढीग पहिल्यापासून वेचू लागत. त्यापरतं दुसरं लाजिरवाणं काही नव्हतं. पेढीवरचे मुनीमजी शिव्या देत, त्या अंगाला लागत नसत. पण बुवा धोतर सावरून शेजारी बसायला लागले की बाई ढिगात राहिलेली काडी घाईघाईनं पदराखाली सारी. मी तर त्या दिवसांत बारीकसारीक सगळ्याच गोष्टींना घाबरत होते, पण सगळ्यांत जास्त बुवांच्या मांडीला.

अकोल्याची गोष्ट गाडीवानांनी सांगितली. दर महिन्याला दोन-तीन दिवस बुवा तिथल्या आवारातला माल पाहायला जात. तिथं एका बड्या पाटलाच्या कापसात खडे निघाले. वजन वाढावं म्हणून भरलेले. बुवांनी आरडाओरडा केला नाही. पाटलाच्या पायाशी बसून ते दिवसभर खडे वेचत राहिले आणि एकेक खडा जोत्यावर ओळीनं मांडत गेले. येणारे-जाणारे ती ओळ पाहायला थांबत. संध्याकाळी पाटील हात जोडून म्हणाला, "पुरे करा ना बाप्पा आता." बुवा म्हणाले, "तुमच्या शेताची माती आहे पाटील. घेऊन जा आणि शेताला परत द्या." पाटलानं ते खडे खरंच धोतरात बांधून नेले म्हणतात. गाडीवान खोटंही सांगतात, पण ही खोटी वाटत नाही.

रविवारी ते कामाला येत नसत. कापसाच्या त्या धुमाळीत, गाड्यांच्या रांगा परकोटापर्यंत लागल्या असताना, हा माणूस पांढरं स्वच्छ अंगरखा-धोतर घालून आपल्या खोलीच्या उंबऱ्यात बसे, काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक वाची आणि मग आपल्याच मराठी भजनांच्या चालीवर त्यांच्या प्रभूची गाणी म्हणे. आवाज फुटक्या घागरीसारखा. आवाराचे मालक शेठजी, त्यांनी एकदा दम भरला, "सहा दिवस माह्या नोकर अन् सातव्या दिवशी कोनाचा?" बुवा म्हणाले, "सातही दिवस त्याचाच, शेठजी. तुमच्याकडं त्यानंच धाडलंय." शेठजींना हे आवडलं नाही. पण बुवांच्या छापेवाचून मुंबईला माल जात नव्हता, म्हणून त्यांनी ते गिळलं.

एकदा मी धीर करून विचारलं होतं, "बुवा, एवढी बारीक पत्ती कोनाले दिसते? राहिली तं काय होते?"

त्यांनी ती पत्ती माझ्या तळहातावर ठेवली. "ही रुई विलायतेत जाईल. तिथं एखादी बाई यंत्रापुढं उभी असेल. तुझ्याएवढी, नाहीतर गयाबाईएवढी. तिचा धागा इथं तुटेल. मुकादम तिला बोलेल. तिला काय ठाऊक, अमरावतीला कोण बसलं होतं? पण प्रभूला ठाऊक आहे. त्याची चाकरी करायची म्हणजे दुसरं काय करायचं, पोरी? जी बाई कधी दिसणार नाही, तिच्या हाताला काडी लागू द्यायची नाही."

त्या दिवसापासून मला त्यांच्याकडून एक "चांगलं" ऐकायचं वेड लागलं. "हं" नको, "चांगलं" हवं. आणि वेड लागलेली पोरगी काय करते ते तुम्ही ऐकलंच आहे.

ते चैत्राचे दिवस. बुवा अकोल्याला गेले होते. जाताना ढिगांकडं बोट दाखवून म्हणाले, "मी येईपर्यंत एकही तोंड शिवायचं नाही." पण ते जातात न जातात तोच शेठजींचा हुकूम आला: तीस गासड्या परवा सकाळी निघाल्याच पाहिजेत. मुनीमजींना तेच हवं होतं. मुनीमजी म्हणजे गोल चेहऱ्याचा, सदा सुपारी चघळणारा, हसतमुख लबाड. बुवांची पाठ वळली की गासडीत मूठ-दोन मुठी सरकी सारल्याशिवाय त्यांना जेवण पचत नसे. त्यांनी गड्यांना भरायला जुंपलं आणि गेरूचं भांडं आणून दोन रेघांची छाप स्वतःच्याच हातानं उठवायला सुरुवात केली.

दुपारी सगळ्या बायका भाकरी खायला कडुलिंबाखाली गेल्या. माझ्यापुढचा ढीग मी आठवडाभर खपून एकटीनं वेचला होता. इतका स्वच्छ की बघत राहावं. पण ऊन असं होतं की मला त्याची दया आली. बुवा येईपर्यंत हा सुकून जाईल, मान टाकील, असं मला वाटलं. रुईची मान कुठं असते, हे विचारायला तिथं कोणी नव्हतं. विहीर दहा पावलांवर होती.

जेवणं होऊन गडी आले, त्यांनी गोणपाट उचललं आणि माझा ढीग सरळ पोत्यांत भरायला घेतला. चैत्राच्या उन्हानं गोणपाट आणि वरची रुई वाळली होती, कोणाला काही कळलं नाही. उलट पोत्यात उतरलेला गडी खुशीत म्हणाला, "आज रुई शहानी झाली, नाकात नाई जाऊन राहिली." मी मान खाली घालून हसले. त्या ढिगाच्या नऊ गासड्या झाल्या. विहिरीकडच्या भिंतीला त्या ओळीनं उभ्या केल्या.

तिसऱ्या दिवशी सूर्य वर येतो न येतो तोच गाड्या फाटकात लागल्या. विहिरीकडच्या नऊ गासड्यांतली एक पहिल्या गाडीत चढली होती, इतक्यात बुवा आले. अकोल्याहून येणाऱ्या गाडीतून थेट आवारात, भुवयांवर धूळ. गासडीवर आपली छाप दिसली तशी ते जागच्या जागी थांबले. मग गाडीवर चढले, त्या लांब नखानं चार टाके उसवले आणि हात आत घातला.

डोळे मिटले. ओठ हलले नाहीत.

हात बाहेर काढून त्यांनी तो गालाला लावला. "ओली," ते म्हणाले.

मी रुई वेचत होते. वेचलेलीच चिमूट पुन्हा वेचू लागले.

"मुनीमजी, पाणी मारलंत तुम्ही."

"मी? देवाशपथ नाई!" मुनीमजींची सुपारी घशात अडकली. "मायच्यान् नाई मारलं बुवा!"

"सरकी निघाली होती, तेव्हाही देवाचीच शपथ होती."

गाडीवान खदखदून हसले. मुनीमजींचा गोल चेहरा लालबुंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस खरं बोलत होता आणि कोणी मानत नव्हतं. ते पाहून मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. शेजारून गयाबाई कुजबुजली, "आता मेला हा. वजनासाठी पानी मारनाऱ्याले गोरा सायब बेड्या घालते. मागं एकाले घातल्या बी."

कापसाला पाणी मारणं हा गुन्हा असतो, हे मला त्या क्षणी कळलं.

गलका ऐकून शेठजी पेढीतून बाहेर आले. "एका गासडीपायी गाड्या काहून उभ्या?"

"एक असेल, नाहीतर तीसच्या तीस असतील," बुवा म्हणाले. "ओली रुई दाबून बंद केली की आतल्या आत तापते. जहाजाच्या पोटात पेटली तर खलाशांनी कुठं पळायचं, शेठजी? पाण्यात? वर माझी छाप आहे."

"अन् मुनीमानं पानी मारलं, हे तू छातीवर हात ठेवून सांगतं?"

"सांगतो."

ते त्यांनी सांगायला नको होतं. शेठजींनी कडुलिंबाच्या सावलीकडं पाहिलं. "मंग सावली बुडाशी येईपर्यंत दाखव मले. ओल्या कोनत्या ते दाखव, अन् ह्यानं मारलं ते शाबीत कर. नाई तं गाड्या जातीन, अन् तूबी जाशीन."

बुवांनी कमरेचा चाकू काढला आणि आत छपरात गेले, पार मागच्या रांगेकडं. त्यांचा हिशेब बरोबर होता. लबाडी करणाऱ्यानं ओल्या गासड्या आत, तळाशी दडवल्या असत्या. उघड्यावर, विहिरीशेजारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कोण ठेवणार? एक मूर्ख पोरगीच ठेवील, आणि ती त्यांच्या हिशेबात नव्हती.

पहिली गासडी फोडली. त्यांचा हात आत गेला, बाहेर आला.

"सुकी!" दारात उभे राहून मुनीमजी ओरडले.

दुसरी. "सुकी!" तिसरी. "सुकी हाय बुवा, हेबी सुकी!" आता गाडीवानही त्यांच्या सुरात सूर मिळवू लागले. फोडलेल्या गासड्यांची रुई छपरात पसरत चालली, आणि सुतळीनं बुवांची बोटं चिरली तसं तिच्यावर कुठं कुठं रक्ताचं बोट उमटू लागलं. ते प्रत्येक वेळी ती डागाळलेली चिमूट उपटून बाजूला ठेवत.

मी काय करत होते, ते सांगते. मी विहिरीकडच्या आठ गासड्यांवर ऊन किती पडतंय ते पाहत होते. बुवा तिथवर पोचायच्या आत त्या वाळतील, या आशेवर होते. पायांनी तुडवून गच्च भरलेली, गोणपाटात शिवलेली रुई दोन घटकांत वाळेल! देवानं अक्कल वाटली त्या दिवशीही मी भाजीच्याच बाजारात असणार.

पाचवी सुकी निघाल्यावर बुवा पाणी प्यायला बाहेर आले. त्यांचं मडकं वेगळं, आवाराच्या कोपऱ्यात. तिकडं जाताना माझ्यापुढं थांबले.

"पोरी, बरं नाही का तुला? तोंड उतरलंय."

"ऊन लागलं," मी म्हटलं.

"मग सावलीत बस. मी सांगतो तुमच्या मुकादमाला."

त्यांनी खरंच सांगितलं. मी सावलीत जाऊन बसले. मुनीमजींनी मला शिवी दिली असती तर मी तेव्हाच बोलले असते, असं मला पुढं कित्येक वर्षं वाटत आलं. ते खरं असेलच असं नाही. तेव्हा मला बेड्या दिसत होत्या, सासूबाई दिसत होत्या, आणि काम गेलेली, बाटलेली म्हणून हिणवलेली मी दिसत होते. बुवा दिसत नव्हते.

सहावी सुकी. सातवी सुकी.

"बस झालं," शेठजी म्हणाले. "जुंपा रे."

गाडीवानांनी बैलांच्या मानेवर जू ठेवलं. बुवा छपराच्या दारात चाकू घेऊन उभे होते. "सावली अजून बुडाशी आलेली नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. सावली वीतभर उरली होती, आणि ते त्या वीतभर सावलीकडं बोट दाखवत होते, आणि सगळे हसत होते.

मी उठले. "विहिरीकडच्या," मी म्हटलं. कोणाला ऐकूच गेलं नाही. मग माझ्या गळ्यातून आपोआप तो आवाज निघाला जो मला येत होता, आठवडी बाजारात कोथिंबीर विकायचा.

"विहिरीकडच्या आठ वोऽऽ! विहिरीकडच्या आठ!"

बैलांनीसुद्धा माना वळवल्या.

"तुले काय ठाव?" शेठजी म्हणाले.

"मीनं शिंपलं पानी. मुनीमजीनं नाई. उनानं खराब होईन म्हनून. भाजीवर शिंपतो तसं."

मग पहिल्यांदा एक गाडीवान हसला, मग सगळं आवार. मुनीमजी पोट धरून खाली बसले. बायका पदरात तोंड घालून हसल्या. एकटी गयाबाई हसली नाही. ती माझ्याकडं पाहत होती आणि गप्प होती. ही दुसरी वेळ. कोणी बेड्या आणल्या नाहीत. बेड्यांनाही काही मान असतो, तो माझ्या वाट्याला आला नाही.

बुवाही हसले नाहीत. विहिरीकडच्या भिंतीशी गेले, एका गासडीचे टाके उसवून हात घातला, मान हलवली. दुसरीत घातला, मान हलवली. मग डोक्याचं पागोटं काढून हातात घेतलं आणि मुनीमजींपुढं जाऊन उभे राहिले.

"मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. मला माफ करा."

मुनीमजींनी डोळे पुसले. "गाडीवानाईले नाई आयकू गेलं, बुवा."

बुवा गाड्यांकडं वळले. "मुनीमजींवर मी खोटा आळ घेतला," ते मोठ्यानं म्हणाले. "चूक माझी. त्यांनी पाणी मारलेलं नाही." उघडं डोकं, विरळ पांढरे केस, त्यांत रुईचे तंतू. ज्या माणसानं रोज त्यांच्या छापेआड लबाडी केली, त्याच्यापुढं ते उभे होते, आणि मी सकाळीच तोंड उघडलं असतं तर यातलं काही झालं नसतं. मला सगळ्यांत वाईट शिक्षा झाली ती ही. ती मला कोणी दिली नव्हती.

शेठजींनी फोडलेल्या सात सुक्या गासड्या पाहिल्या, उशीर झालेल्या गाड्या पाहिल्या. "उद्यापासून येऊ नको, पारखी," ते म्हणाले. "मी बोललो होतो." माझ्याकडं पाहून नुसता हात उडवला, माशी वारतात तसा.

ओली गासडी पहिल्या गाडीतून उतरवली. चौदा गासड्या घेऊन गाड्या गेल्या. सोळा मागं राहिल्या: सात फोडलेल्या, नऊ ओल्या. बायका भाकरीला गेल्या. मुनीमजी पेढीत जाऊन लवंडले. मोकळ्या आवारात बुवा एकटेच गोणपाटं उचलून अंथरत होते, एकाची कड दुसऱ्याला लावून, सुरकुती दिसली की पुन्हा झटकून. चिरलेल्या बोटांना त्यांनी चिंधी गुंडाळली होती, रुईला डाग पडू नये म्हणून.

मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. बोलायचं पुष्कळ ठरवलं होतं. "मीनं पयलेच सांगाले पाह्यजे होतं," एवढंच आलं, आणि मग रडू. "माह्यापायी झालं हे सारं. तुमाले तं काढलं ना बुवा, आता हे कायले करता?"

बुवांनी गोणपाटाची शेवटची कड सरळ केली.

"काढलं ते उद्यापासून. आज अजून अर्धा दिवस आहे. या टोकापासून पातळ पसरायला घे. आणि रडायचं असेल तर तोंड तिकडं करून रड; ही रुई आधीच ओली आहे."